वैजयंतीची पक्की लाइन

५ जाने., सोम.

वैजयंतीचा इंटरव्ह्यू झाला. म्हणजे निम्मा झाला.

सांगलीच्या एका हॉस्पिटलला दुभाषी हवी आहे. सीमेपलीकडून कन्नड बोलणारे पेशंट येतात, डॉक्टर मराठी. हिनं घरी बसून व्हिडिओवर इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करायचं. वै. जतची. कन्नड तिला शिकावं लागलं नाही, लहानपणी खेळता खेळता अंगाला लागलं. रहिमतपुरात आल्यापासून सव्वीस वर्षं ते फक्त माझ्यावर चिडताना वापरलं. आता त्याचा कुणी पगार देऊ म्हणतंय!

मोबाइलच्या इंटरनेटवर बसली. डॉक्टर म्हणाले, "गोळी सकाळी जेवणा—" आणि त्यांचा पुतळा झाला. तोंड उघडं. आधी की नंतर, ते त्यांच्या तोंडातच राहिलं.

मग हॉस्पिटलच्या बाईंचा फोन. त्या अथणीकडच्या. दोघींची कन्नडमध्ये लगेच गट्टी. मला त्या भाषेतले चार शब्द येतात, त्यातली एक शिवी. फोन ठेवून वै. म्हणाली, "वीस तारखेला अकराला परत चाचणी. घरात पक्की लाइन असंल तरच. न्हाईतर दुसरी बाई तयार हाय त्यांच्याकडं."

एकोणपन्नासाव्या वर्षी पहिली नोकरी. तोंडावर काही दाखवलं नाही, पण चहाच्या आधणात पावडरीऐवजी संक्रांतीसाठी निवडलेले तीळ घातले. मी प्यायलो. वाईट नव्हता.

(एवढं लिहायला तीन पेनं बदलली. घरात सात पेनं, चालतं एकच. आणि म्हणे छापखानेवाले.)

६ जाने., मंगळ.

गल्लीत चौकशी. कुणाची लाइन चांगली?

जाधव मास्तर, निवृत्त, विषय भूगोल: "छत्रीवाली घ्या." म्हणजे स्टँडबाहेर छत्री लावून बसते ती कंपनी. "रोज हिमालय बघतो मी. एक शिखर अडकत नाही."

सुरेखा, पार्लर: "छत्री? वारं आलं की उडती ती. भिंतवाली घ्या, दादा." भिंतवालीची जाहिरात गावातल्या झाडून सगळ्या भिंतींवर, स्मशानाचीसुद्धा सोडलेली नाही. तिथे वेग कुणाला हवाय, विचारायला हवं.

बबनदा, पिठाची गिरणी: "तात्याची घ्या गड्या. लय झ्याक." तात्या आमचे गावचे केबलवाले. साठी आली तरी खांबावर स्वतः चढतात.

सुभेदार निकम, सैन्यातून निवृत्त, गल्लीच्या मधोमध राहणारे: "सगळे चोर हायती." त्यांच्याकडे भिंतवाली आहे. रोज सकाळी नऊला ओट्यावर उभे राहून कंपनीच्या मुलीला फोनवर हिंदीत झापतात. "हम को फुल स्पीड मंगता है!" गल्ली त्यावर घड्याळं लावते.

वहीत तक्ता आखला. रकाने: वेग, वागणूक, गावात नाव. वै. डोकावली.

"लाइन बघताय का पोरीला स्थळ?"

८ जाने., गुरु.

तिन्ही कंपन्यांची पत्रकं आणून टेबलावर मांडली. छत्रीवालीचं वाचून मन वळलं. ‘अखंड, अतूट, अविरत! घरच्यासारखी सेवा!’ काय भाषा. काय आत्मविश्वास. वै.ला हाक मारून वाचून दाखवलं.

तिनं कागद उलटा केला. खाली बारीक अक्षरात आमच्याच छापखान्याचं नाव.

तेव्हा आठवलं. दिवाळीआधी त्यांचा माणूस आलेला, "मजकूर तुम्हीच काय ते बघा" म्हणाला होता. ‘अखंड, अतूट’ मीच लिहिलं. ‘अविरत’ ओळ भरेना म्हणून घातलं. भिंतवालीचं पत्रकही मीच लिहिलंय. तात्यांचं तर मंगल कार्यालयाच्या पत्रकावरनं फिरवलंय, त्यात ‘प्रशस्त पार्किंग’ अजून तसंच आहे.

वै. अर्धा तास हसत होती. मी पण, पण उशिरा सुरू केलं.

११ जाने., रवि.

आजचा दिवस जपून ठेवावा असा.

सकाळी साडेदहा. मी दारात पेपर घेऊन. सुभेदारांनी पंखा पुसायला म्हणून घरातला मेन स्विच बंद केला. फक्त त्यांच्या घरातला. आमचा दिवा चालू, गिरणी चालू.

आणि एका क्षणात तीन दारं उघडली. जाधव मास्तर बाहेर, मोबाइल डोक्याच्या वर. सुरेखा बाहेर, मागोमाग एका भुवईची गिऱ्हाईक. बबनदा बाहेर, पिठानं पांढरा. तिघं आपापला फोन घेऊन हळूहळू सुभेदारांच्या भिंतीकडे सरकतायत.

मी विचारलं, "काय मास्तर, हिमालय?"

"अं... ढग आलेत."

सुभेदारांनी मेन चालू केला. दोन मिनिटांत तिघं आत.

छत्रीवाली नाही, भिंतवाली नाही, तात्या नाही. सुभेदारांची एकच लाइन, चार घरांत! मग तीन तऱ्हेचे सल्ले कुठून आले? संध्याकाळी सहज म्हणून तिन्ही घरी जाऊन आलो. मास्तरांच्या भिंतीवर छत्रीवालीचं कॅलेंडर. सुरेखाकडे भिंतवालीचं. बबनदाकडे तात्यांचं. ज्याच्या घरी जे कॅलेंडर, त्यानं त्या कंपनीची छातीठोक हमी दिली.

कॅलेंडरंही आमच्याच छापखान्यातली.

तक्ता फाडला.

१२ जाने., सोम.

सुरेखाला गाठलं. लाजली नाही.

"निकमकाकूंकडं विरजण आणाया गेले हुते. वाटीखाली चिठ्ठी हुती, पासवर्डची. मास्तर अन् बबनदालाबी असंच दिलं."

"सुभेदारांना ठाऊक आहे?"

"आवं, कुणाची छाती हाय सांगायची?"

"आणि आम्हाला कशी नाही चिठ्ठी?"

"तुमी पेपरात लिहिता, दादा."

झालं. वीस वर्षांच्या साहित्यसेवेचा गल्लीनं केलेला गौरव.

शिवाय आमच्या घराच्या दगडी भिंतीतून ती लाइन आलीही नसती. घरी येऊन वै.ला म्हटलं, चाचणीपुरतं सुभेदारांकडं बसावं का? एकदम ताठ झाली. "विरजण मागून आणते मी. नोकरी मागून आणलेल्या लाइनीवर न्हाई करायची."

विषय बंद.

१३ जाने., मंगळ.

निवड वै.नं केली, पाच मिनिटांत. तिघांनाही एकच प्रश्न: "तुटली तर कोण येणार?"

छत्रीवाला: "नंबर आहे ना मॅडम, चोवीस तास."
भिंतवाला: "ॲपवर तक्रार टाकायची."
तात्या: "मी."

मी आठ दिवस वेग, वागणूक, नाव करत होतो.

१४ जाने., बुध. संक्रांत

तात्या काळी टोपी घालून खांबावर. खालून वै.चा तिळगूळ. "वरच फेक गं, वैनी, झेलतो." झेलला. लाइन दुपारी लागली, घरात इंटरनेटचा डबा बसला. डब्यावर हिरवा दिवा. वै.नं त्याला हळदकुंकू वाहिलं. मीही मनात हात जोडले होते.

१६ जाने., शुक्र.

तालीम. तिकडे जतहून तिचा भाऊ पेशंट, इकडे मी डॉक्टर. मी म्हटलं, "गोळी जेवणानंतर." हिनं कन्नडमध्ये सांगितलं. भावानं तिकडून बरंच काही सांगितलं. दोघं हसले.

"काय म्हणाला?"

"पेशंट म्हणतोय, डॉक्टर बनियनवर हाय."

चित्र एकदाही अडकलं नाही. हिची फजिती होईल म्हणून धास्ती होती, माझी झाली. छान वाटलं.

२० जाने., मंगळ.

क्रमानं लिहितो, नाहीतर विसरेन.

सव्वानऊ. वै. तयार. इरकल नेसलेली, काठ डाव्या खांद्यावर तीनदा सारखा केलेला. डब्यावर हिरवा दिवा.

साडेनऊ. मोठा रस्ता खणलाय म्हणून कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली आमच्या गल्लीतून घातली. ऊस घरांच्या पत्र्यांपर्यंत. ट्रॅक्टरवर गाणं. काहीतरी ताणल्याचा आवाज, मग सटकल्याचा. आमची लाइन खांबावरनं सुटली आणि उसाच्या मोळीला गुंडाळून कोरेगावच्या दिशेनं निघाली.

दिवा लाल.

तात्या दहा मिनिटांत हजर, दिल्या शब्दाला जागून. वर बघितलं, खाली बघितलं. "वैनी, जोडतो. पण दुपारचं दोन व्हत्याल."

वै.नं पदर पुन्हा सारखा केला. ते मला बघवेना.

मी तिला न विचारता सुभेदारांकडे गेलो. ओट्यावरच होते. सगळं सांगितलं. आणि सांगायचं नव्हतं तेही सांगितलं, कारण लाइन मिळून उपयोग काय, तिच्यावर तीन घरं बसलेली. म्हटलं, सुभेदार, तुमच्या लाइनीचा वेग कंपनी नाही खात, गल्ली खाते.

वाटलं, आता गोळीबार.

"मला काय ठावं न्हाई व्हय? चिठ्ठी माझ्याच अक्षरात हाय. हिला म्हणलं, वाटीखाली ठेव, मला इचारू नका म्हणावं."

"मग रोज सकाळी त्या मुलीला झापता ते?"

सुभेदार मिशीत हसले. "ती पोरगी रोज ‘जय हिंद सर’ म्हणती रं. गल्लीत कोण म्हणतं?"

मग उठले. "मोहीम किती वाजता?"

"अकरा."

शिट्टी काढली. खरी, सैन्यातली. तीन दारं उघडली. "सगळ्यांचे मोबाइल हितं!" निकमकाकू परात घेऊन दारात. मास्तरांनी फोन ठेवला, सुरेखानं दोन ठेवले. बबनदा म्हणाला, "माझा कशाला, मी तर तात्याची..." सुभेदारांनी फक्त बघितलं. ठेवला.

आता प्रश्न वै.चा. मी घरी येऊन म्हटलं, चल. ती म्हणाली, "मागून आणलेली न्हाई म्हणलं हुतं मी."

तेवढ्यात काकू मागून आल्या. "मागतंय कोण? मी न्यायला आले." हात धरला आणि घेऊन गेल्या.

पावणेअकरा. वै. सुभेदारांच्या बैठकीत, मागे त्यांची पदकं. गिरणी बंद. काकूंनी कुकर उतरवला. बाहेर ओट्यावर आम्ही सगळे, मांजराला हुसकावून. सुरेखाची गिऱ्हाईक पण थांबली. हीसुद्धा एका भुवईची.

अकरा. पडद्यावर डॉक्टर, शेजारी अथणीकडच्या बाई, आणि पेशंट एक म्हातारी, मेंढरांमागची, डोक्यावर घट्ट पदर. वै. पहिलं वाक्य बोलली. "ऊटा आयता?" माझ्या चार शब्दांतलं. जेवलात का.

म्हातारी मोकळी झाली. धबधबा. वै. मान डोलावते, मग मराठीत थोडक्यात, नेटकं: दुखणं कधीपासून, कुठे, काय खाल्लं की वाढतं. इतकं नेटकं ती माझ्याशी कधी बोलली नाही. एक शब्द अडकला नाही, एक चित्र थांबलं नाही. मधेच म्हातारी काही म्हणाली आणि अथणीच्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला. वै. गप्प.

डॉक्टर म्हणाले, "काय म्हणाल्या? सगळं सांगायचं असतं."

वै. सरळ चेहऱ्यानं: "आजी म्हणतायत, डॉक्टर फार वाळलाय. ह्याला गोळ्या कोण देतं?"

बाहेर बबनदा फुटला. सुभेदारांनी त्याच्या तोंडावर हात दाबला, हाताला पीठ.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "गोळी सकाळी जेवणा..." आणि थांबले. आमचे सगळ्यांचे श्वास. पडदा? नाही, डॉक्टर चिठ्ठी बघत होते. "...नंतर."

अकरा चाळीस, संपलं. "शुक्रवारी कळवतो," म्हणाले.

परातीतून फोन परत. सुरेखाला बबनदाचा गेला, अर्ध्या तासानं कळलं.

२१ जाने., बुध.

तात्यांनी लाइन काल दोनला जोडली, सांगितल्याप्रमाणे. आज खांबावर हातभर उंच बांधली. "आता उसानं शेंडा लावावा," म्हणाले.

गल्लीत नवीच पंचाईत. गुपित फुटल्यापासून तिघांना लाज वाटायला लागली. सकाळी मास्तर आले, "स्वतःची घेतो. कुठली बरी?" मग सुरेखा, मग बबनदा. मी तुलना करणारा जाणकार! तक्ता फाडल्याचं सांगितलं नाही. वै.चा प्रश्न सांगितला: तुटली तर कोण येणार.

हे सुभेदारांच्या कानावर गेलं. रुसले. "घ्या घ्या, सगळ्यांनी आपआपली घ्या. मी एकटाच बसतो माझी घेऊन." काकूंनी आज तिन्ही घरी न मागता विरजण पाठवलं. पुढं काय ठरतंय बघायचं.

नऊला मात्र ओट्यावर आले, कंपनीला फोन लावला. वेगाबद्दल चकार शब्द नाही. काल काय काय झालं ते त्या मुलीला हिंदीत सांगत होते. वै.चं नाव तीनदा घेतलं.

२३ जाने., शुक्र.

शुक्रवार. छापखान्यात गेलो नाही. वै. म्हणाली, "जावा की, माझं काय अडतंय." आणि पीठ चाळलेलंच परत चाळायला घेतलं.

साडेअकरा. फोन. अथणीकडच्या बाई. अर्थात कन्नड.

तेव्हापासून इथे बसून ऐकतोय. काही कळत नाही. वै. ताठ बसलीय. "हौदु" म्हणाली. हो, तो एक येतो मला. पुन्हा "हौदु." मग लांबलचक काहीतरी. मग गप्प.

फाटकाशी सुभेदार, मागे मास्तर, सुरेखा, बबनदा. कुणी कुणाला न सांगता.

"काय म्हंत्यात?" सुभेदार, कुजबुजत. त्यांची कुजबूज स्टँडपर्यंत जाते.

"कन्नडात चाललंय."

"आरं, हसती का रडती, तेवढं तर बघ!"

बघितलं. दोन्ही करतेय, आळीपाळीनं. ह्याचा अर्थ सव्वीस वर्षांत मला मराठीतही लागला नाही.

आता उभी राहिलीय. मला खूण करतेय. फोन कानाला, दुसऱ्या हातानं हवेत लिहिल्यासारखं. कागद? नाही, कागद पुढ्यात आहे तिच्या. पेन. काहीतरी लिहून घ्यायचंय तिला, घाई आहे, डोळे मोठे करतेय, माझ्या चार शब्दांतला चौथा बहुतेक येणार आता. घरात पेनं सात, चालतं एकच, आणि ते माझ्या हा