डबीचं झाकण आणि अर्धा फेरा

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायला आत्ता खाली उतरता येत नाही. कारण पुढे येईलच.) आपला गुडघा कसा आहे? रक्तदाब ताब्यात असेल तरच पुढे वाचावं, नाहीतर आधी गोळी घ्यावी.

गाडी उत्तम आहे, हे पहिल्यांदा सांगतो. "रेग्युलेटरच्या डबीला बोट न लावता वर्षभर चालवलीस तर गाडी तुझी," हा आपला शब्द माझ्या पक्का ध्यानात आहे. वर्ष परवा रविवारी भरतं. गेल्या आठवड्यापर्यंत बोट सोडाच, मी त्या डबीकडे वाकड्या नजरेनंही पाहिलं नव्हतं.

झालं असं, की गेल्या शुक्रवारी मामींना त्यांच्या बहिणीकडे सोडायला निघालो आणि तिन्हीसांजेला दिवे मंद वाटले. आपण शंभरदा समजावलंय : इंजिन डायनामोला फिरवतं, डायनामो बॅटरी भरतो, आणि डबीतला रेग्युलेटर दोघांवर पंतोजीसारखी नजर ठेवतो. डायनामो फार उसळला की त्याला दामटतो, झोपला की त्याचा बॅटरीशी संबंधच तोडतो. (नाहीतर बॅटरी उलट त्यालाच फिरवायला जायची आणि रिकामी व्हायची.) तर त्या डबीचं झाकण निघालं आणि स्प्रिंगचा स्क्रू अर्धा फेरा आवळला गेला. कोणाच्या हातून, हे विचारून आपण मन कलुषित करून घेऊ नये. पण काय दिवे लागले, मामा! समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं गाडी बाजूला घेऊन आम्हाला वाट दिली. थोड्याच वेळात बॅटरी रटरटा उकळायला लागली आणि दोन्ही बल्ब एकदमच गेले. उरलेला रस्ता मामींनी खिडकीतून टॉर्च धरला.

आज त्यांना परत आणताना मी तोच स्क्रू सैल केला (हा मीच, खोटं कशाला बोलू), आणि आगीतून फुफाट्यात पडलो. तेव्हा बॅटरीला अजीर्ण झालं होतं, आता उपासमार. डॅशवरचा तांबडा दिवा माझ्याकडे डोळे वटारून बघतोय.

असो. इंजिन मात्र इतकं छान चालतंय, की बंद करायला जिवावर येतं. मामा, ही गाडी माझ्याकडून गेली तर मला फार वाईट वाटेल. रविवारी कागदांचं लक्षात असू द्यावं.

आपला (बहुतांशी) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. अक्षर थरथरतंय, कारण पत्र चालू गाडीत, ॲक्सिलरेटरवर पाय दाबून लिहितोय. पाय उचलला की डायनामो झोपतो, बॅटरीत जीव नाही, आणि इंजिन बंद.

ता. क. २. गाडी आपल्याच फाटकाबाहेर आहे. हॉर्न वाजवला तर उरलासुरला करंटही जाईल, म्हणून पत्र पोस्टमनच्या हाती देतोय. मीटर आणि बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन लगेच यावं. पायाला मुंग्या आल्यात. मामी उतरायला तयार नाहीत.

ता. क. ३. अहो, हे अक्षर माझं आहे, ओळखलंच असेल. पहिला अर्धा फेरा मी फिरवला, फळं कापायच्या सुरीनं. सैल करायलाही मीच सांगितलं. चाळीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून "हात लावू नकोस" ऐकलं, एकदा आत काय आहे ते बघायचं होतं. पोराला बोलू नका, गाडी त्याच्याकडेच राहू दे. आणि आता झाकण उघडाल तेव्हा मला शेजारी उभी करून नीट समजावून सांगा. येताना माझा चष्मा आणा.