फीडरला लावलेलं हळद-कुंकू

डोणगाव, मंगळवार

ती. नारायणमामांच्या दोन्ही गुडघ्यांना (दुखऱ्याला जरा जपून) भागवतचा साष्टांग नमस्कार. धाडच्या बाजारात मिरचीला गिऱ्हाईक आहे ना? तुमचा खोकला कसा आहे?

पत्राचं कारण असं, की आमच्या छापखान्यात जुनं ऑफसेट मशीन आलं. दर लग्नसराईत झुंबरमामी येऊन ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, एकेक कागद हाताने घालायच्या. यंदा मी मोठ्या तोऱ्यात त्यांना सांगितलं, आता घरीच आराम करा, कागद घालायला फीडर येतोय. विक्रेत्याने खामगावहून दोन फीडर दाखवायला आणले. पहिला फीडर एक कागद आत गेल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. दुसरा मागच्या कागदाचं डोकं पुढच्याच्या पाठीखाली सरकवून सगळ्यांना सोबत नेतो (आणि वेळ वाचवतो म्हणे). आमच्या सौ. संजीवनीने पहिल्याला मत दिलं. म्हणाली, "एकत्र कुटुंबात काय होते ते मले माहीत हाय."

मी तरी दुसराच चालवून पाहिला. नवी यंत्रं म्हणून संजीवनीने दोन्ही फीडरची पूजा केली आणि त्यांच्या हवेने कागद उचलणाऱ्या रबरी वाट्यांनाही ओलं हळद-कुंकू लावलं. वाट्यांनी ते नळीतच ओढून घेतलं! मग प्रत्येक लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यावर आपोआप हळद-कुंकवाची बोटं उमटू लागली. वरपक्ष इतका खूष, की पेढे आले. मीही फुशारून गेलो आणि त्याच झोकात शंकररावांच्या वडिलांच्या तेरवीच्या (तेराव्याच्या) तीनशे पत्रिका काढल्या.

त्या वाटल्या गेल्या, मामा. पाहुणे आहेराचं विचारू लागले, एक बँडवाला दारात जाऊन तारीख मागून आला. शंकरराव छापखान्यात येऊन ओरडले, "काऊन बे, माह्या बापाचं लगन लावून राह्यला का तू?" दोन्ही फीडर धुतले, तरी नळीतून कुंकू येतंच आहे. तेव्हा कोणता घ्यावा, ते अनुभवी माणूस म्हणून कळवा.

आपला,
भागवत

ता.क. फीडरचं राहू द्या. तेरवी रविवारी आहे आणि पत्रिका पुन्हा छापल्या नाहीत तर या गावात मला कुणी पावतीपुस्तकही छापायला देणार नाही. ट्रेडलवर मी कागद घातला, की कागद बाहेर राहतो आणि बोट आत जातं. मामींना पाठवा. त्यांना घरी बसवलं, हे माझं चुकलंच.

ता.क. २ फोनच केला असता, पण तो मामी उचलतात आणि माझा आवाज ऐकताच ठेवून देतात. सोबत तेरवीची एक पत्रिका आहे. ती त्यांच्या हातात द्या, आणि हसल्या की हसू थांबायच्या आत डोणगावच्या जीपमध्ये बसवा.