गरम गाडी आणि दहा मिनिटं

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. अक्षर वाईट आलंय, डाव्या हाताने लिहितेय. उजव्या हाताची दोन बोटं गाडीच्या दारात चेपली. चेपली म्हणजे ह्यांनी चेपली. मारणं थांबलेलं नाही, तुझ्यापासून किती दिवस लपवू?

दुपारी हे जेवायला येतात आणि आधी अंघोळ करतात. तेवढी दहा मिनिटं गाडीची किल्ली खुंटीवरच्या पँटमध्ये असते, एरवी ह्यांच्या कमरेला. मागे पायी पळाले होते, तर ह्याच गाडीने गाठून केसांना धरून परत आणलं. म्हणून या वेळी लेकीला, चिमीला, उचललं आणि गाडीतच बसले. मेली सुरू होईना! सकाळी एका झटक्यात लागते, आणि दुपारी तापलेली असली की नुसती खोकते. तेवढ्यात हे ओल्या अंगाने बाहेर आले. पुढचं बोटांवरून समज.

गरम गाडी का लागत नाही, एवढं सांग. मला पुन्हा बसायचंय तिच्यात. उत्तर शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंच्या पत्त्यावर दे.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि हातातला पाना गॅरेजच्या भिंतीवर फेकून मारला. त्याला भावजी म्हणणं आजपासून बंद. वाटतं, आत्ता यावं आणि त्याचे हात कोपरापासून उलटे करावेत. पण मागे दम देऊन गेलो, तर तो राग त्याने तुझ्याच पाठीवर काढला.

म्हणून दातओठ खात कामाचं विचारतो. दुपारी तो गाडी सुरू करेल तेव्हा खिडकीशी उभी राहून ऐक. स्टार्टर रडत रडत फिरतो का? मग स्टार्टर गेला. जोरात फिरतो पण पेट्रोलचा वास नाही? मग पेट्रोलच इंजिनापर्यंत पोचत नसेल. वास असेल तर तेही लिही. आणि तू स्वतः काय काय केलंस, पाय कुठे होता, सगळं कळव. पेशंट न दाखवता औषध मागायची तुझी जुनीच खोड!

लोभ आहेच, तो वाढवायला तू सुखरूप हवीस.
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. ऐकलं. स्टार्टर गरागरा फिरतो, आणि पेट्रोलचा वास असा की डोकं भणभणतं. तो शिव्या घालत पाय आपटत राहतो, मग बॉनेट उघडून उभा राहतो, अर्ध्या तासाने लागते. त्या अर्ध्या तासाचा राग संध्याकाळी घरी येतो. काल पट्ट्याच्या बक्कलने भुवई फुटली. काकू म्हणाल्या, ब्लाउजच्या दोऱ्यानेच टाके घालून देते, आणि मग त्याच रडायला लागल्या.

मी काय केलं विचारतोस. बाबांनी शिकवलं तेच! किल्ली फिरवायच्या आधी अ‍ॅक्सिलरेटरवर दोनदा पाय मारायचा. लागली नाही म्हणून आणखी मारला.

धाकट्या, काल तो म्हणाला, पुढच्या वेळी चिमीची बोटं. लवकर लिही.
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. चूक बाबांची आहे, आणि आपण दोघांनी ती डोळे मिटून गिरवली. शिकाऊ असताना मीही यापायी उस्तादाची थप्पड खाल्ली आहे. थंड इंजिनाला ते दोनदा पाय मारणं लागतं. गरम गाडी बंद केली की इंजिनाच्या धगीने कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत गळतं. आत आधीच पूर, त्यात पाय मारून तू आणखी ओततेस. प्लग भिजून बसतात.

आता नीट वाच. पाय मारायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर एकदाच तळाला टेकव आणि तिथेच दाबून धर. मग किल्ली फिरव, आठ-दहा सेकंद. हवा आत जाईल, आतलं वाळेल. ती खोकेल, तुला भीती वाटेल, तरी पाय हलवू नकोस. इंजिनाने पकडलं की मगच पाय उचल. इथे तसल्याच गाडीवर सात वेळा करून पाहिलं, सातही वेळा लागली.

जपून, ताई. माझा जीव टांगणीला आहे.
धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पोलीस चौकीतून लिहितेय, कागदही त्यांचाच. घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच.

काल दुपारी पाय तळाला टेकवला. सवयीने पाय सारखा वर यायला बघत होता, मी हाताने गुडघा दाबून धरला. गाडी खोकली, खोकली, आणि लागली. तोवर तो फाटकात, गाडीच्या अगदी पुढ्यात येऊन उभा, हातात जॅकचा दांडा. तो समोरच्या काचेवर घातला, काचा चिमीच्या अंगावर. तू लिहिलं होतंस, पाय उचल. मी गिअर टाकला आणि पाय पुन्हा तळाला नेला. त्याची मांडी मोडल्याचा आवाज आत ऐकू आला, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. तो जगेल, दवाखान्यात आहे. मी सरळ इथे येऊन सगळं स्वतःच सांगितलं. माझं काय होईल ते ठाऊक नाही, पण चिमीला तुझ्या ताब्यात देतो म्हणाले. असशील तसा ये.

चिमीने मघाशी कानात विचारलं, आता मोठ्याने बोललं तर चालेल का. मी हो म्हटलं. तर पोरगी अशी किंचाळली की समोरचा पोलीस खुर्चीतून उठून उभा राहिला. थांबेचना. मी थांबवलं नाही.

माझ्यावरचा लोभ आता तिच्यावर असू दे.
तुझी ताई