काचेवर राहिलेला अर्ज

४ नोव्हेंबर १९७६, गुरुवार

आज पुन्हा शाळेची पोरं मशीनपुढे रांग लावून उभी. औषधाला आलेली म्हातारी माणसं मागे ताटकळत. औषधांच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन घेतलं तेव्हा वाटलं होतं, वकील येतील, चर्चवाले येतील. आली ती ही शेवटच्या वर्गातली टोळी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत म्हणे प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा, प्रश्न वेगळे. तीन अर्ज भरेपर्यंत पोरांची बोटं मोडायची आणि आयांचा धीर सुटायचा. आता काही कॉलेजांनी एकत्र बसून एकच अर्ज केलाय. एकदा भरा, प्रती काढा, हव्या तिथे धाडा. प्रोफेसर मंडळींचं कशावर तरी एकमत झालं, हेच विशेष!

चूक मात्र सगळ्यांची एकच. प्रती घेऊन पळतात, मूळ कागद काचेवर, झाकणाखाली. सिल्वी त्यांना दारापर्यंत जाऊन ओरडते — "अरे, स्वतःलाच इथे ठेवून कुठे निघालास?" माझी पोरगी असली की दुकानात जरा आवाज असतो.

९ नोव्हेंबर

वाटाण्याचं सूप केलं. सिल्वीची आई, लोरेन, करायची तसं होत नाही. सिल्वी म्हणाली, "बाबा, रोज तेच काय सांगतोस? जेव."

१६ नोव्हेंबर

शाळेत मुलांना कॉलेजांबद्दल सल्ला देणाऱ्या मिस गॅव्हिट खोकल्याच्या गोळ्या घ्यायला आल्या. गोळ्या निमित्तालाच असाव्यात.

"सिल्वी एकाच ठिकाणी अर्ज करतेय, मिस्टर टॅट्रो. डोंगरापलीकडच्या कॉलेजात. माहीत आहे ना?"

मी म्हटलं, चांगलंच आहे की.

"तिथे कालपरवापर्यंत नुसते मुलगे होते. मुलींना जागा मोजक्या. आणि हिचे मार्क असे, की कुठेही घेतील. मी सांगून थकले. म्हणते, रोज घरी येता येईल."

मी म्हटलं, ती पहिल्यापासून समंजस आहे. दिवसभर खुशीत होतो. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

२९ नोव्हेंबर

सकाळी मशीन पुसायला झाकण उचललं. काचेवर सिल्वीचा अर्ज! प्रत पाठवली असणार, मूळ कागद इथेच. जगाला शिकवते ती ही.

मी वाचणार नव्हतो. पण कागद उचलून उलटले, तर निबंधाचं पान वरच. त्याची पहिली ओळ — "माझ्या वडिलांना एकट्याने जेवता येत नाही."

कागद गल्ल्याच्या खणात ठेवले, झाकण लावलं. पुढच्या गिऱ्हाईकाला दुसऱ्याच कुणाचं औषध देत होतो, त्यानेच थांबवलं.

खरं आहे ते. लोरेन गेल्यापासून एकदाही एकटा जेवलेलो नाही. मॅच असो, नाटकाची तालीम असो, सिल्वी येऊन समोर बसते आणि ताटातलं चिवडत राहते. मला वाटायचं, दमून भूक मरत असेल. आता कळतंय, बाहेर जेवून येत होती ती. माझ्यासाठी दुसऱ्यांदा बसत होती.

२ डिसेंबर

तिला सांगितलं, आज मैत्रिणीकडेच जेव. एकट्याने वाढून घेतलं. रेडिओ लावला. बंद केला. निम्मं मांजराला.

६ डिसेंबर

शेवटी केलं. अर्जाच्या तीन प्रती काढल्या — ओहायो, मेरीलँड, मिनेसोटा, तिन्ही कॉलेजं लांबच्या राज्यांतली. पत्ते आणि मार्कांचे कागद मिस गॅव्हिटकडून.

"तिला विचारलंत?"

"विचारलं तर नाही म्हणेल."

त्यांनी कपाटातून कागद काढून माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाल्या, "पत्ते मी दिले नाहीत. तुम्ही वाचनालयात शोधलेत."

पूर्वी हे जमलंच नसतं. प्रत्येक अर्ज तिच्या हातचा, प्रत्येकाचे प्रश्न निराळे. सगळ्यांचा अर्ज एक झाला म्हणून बापाला चोरी करता आली.

पोस्टात व्हर्नने पाकिटं उलटसुलट करून पाहिली. "मिनेसोटा? आर्मंड, पोरीला घालवायची एवढी घाई?" आणि हसला. मी तिकिटांचे पैसे मोजून दिले. मूळ अर्ज पुन्हा काचेवर ठेवला. संध्याकाळी सिल्वीला सापडला. "बघ, मी पण तसलीच!"

१२ जानेवारी १९७७

अर्ज मिळाल्याची ओहायोची पोच आली. व्हर्नने परस्पर माझ्या हातात दिली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

९ एप्रिल, शनिवार

मिनेसोटाने घेतलं तिला! जाड पाकीट. आज टपाल तिनेच आणलं, तिनेच फोडलं.

"हे काय आहे, बाबा?"

सांगितलं सगळं. ती चिडेल असं वाटलं होतं. मनातून खूश होईल, असंही वाटलं होतं. ती म्हणाली, "मी तुला नकोशी झालेय का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "नाही गं," एवढंच तोंडातून निघालं. तिने खोलीचं दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

११ एप्रिल

काल ईस्टर. हॅम भाजलं, दोघांनी मुकाट्याने खाल्लं. आज दुकानात बोलली.

"मला विचारायचंस तरी."

"काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

"मग?"

"मग तरी विचारायचंस."

बरोबर आहे तिचं. मग म्हणाली, मिनेसोटा राहू दे, मी डोंगरापलीकडेच जाणार, त्यांचं उत्तर येऊ दे फक्त. मी एकदाच म्हटलं, विचार कर. दुसऱ्यांदा नाही म्हटलं. माझ्याकडून करायचं ते करून झालं, आणि तरीही ती राहतेय! दिवसभर शीळ घालत होतो. व्हर्नलाही सांगून आलो. घाटातून रोजचं येणं-जाणं, तिच्यासाठी गाडीला नवीन टायर बघायला हवेत.

१५ एप्रिल

डोंगरापलीकडच्या कॉलेजचं पत्र आलं. नाही घेतलं तिला. मुलींच्या जागा भरल्या म्हणे.

माझ्या खांद्याला डोकं टेकून रडली. मग तोंड धुतलं आणि मिनेसोटाचे कागद मागितले.

त्या प्रती पाठवल्या नसत्या, तर ती आता इथेच राहिली असती. माझ्या मनात आधी हे आलं. पाठवल्या ते बरं झालं, हे नंतर.