परत गेलेला नारळ

बेलवली, मंगळवार, दिवेलागण

नातीच्या जुन्या वहीत लिहितेय, अक्षर वाकडंच येणार. पण आज लिहिल्याशिवाय राहवेना.

आमची सून सुमन नगरसेविका. दुपारी विरुद्ध पार्टीची माणसं शाल आणि नारळ घेऊन आली, नि बोलत बसली माझ्या बाळूशी. जसा काही तोच निवडून आलाय! म्हणाले, "वहिनींना आमच्याकडे पाठवा, नगराध्यक्ष करतो. फक्त ती तुमच्या आळीतली पाण्याची विहीर बुजवायच्या ठरावाला हात वर करायचा." बाळूने नारळ घेतला. आमच्यात नारळ घेतला म्हणजे शब्द दिला.

खरं सांगू? मलाही गुदगुल्या झाल्या. नगराध्यक्षांची सासू!

सुमन चहा घेऊन आली. बाळूच्या मांडीवरचा नारळ उचलून तिने पाहुण्यांच्या हातात ठेवला. "भाऊ, त्याच विहिरीच्या काठावर उभी राहून मी मतं मागितली. चहा मात्र पिऊन जा."

ते गेल्यावर बाळू फणफणला, "अगं, अशी खुर्ची पुन्हा येते का?"

"मग पुढच्या वेळी तुम्हीच उभे राहा की."

हिला बघायला गेलो तेव्हा मी म्हटलं होतं, पोरगी तोंडाळ दिसते, नको. यांनीच हट्ट धरला. आज यांच्या फोटोला दोनदा हात जोडले.

नारळ मोठा होता हो, पाण्याने भरलेला. जाऊ दे. संध्याकाळी विहिरीवर कळशी भरली, बायकांशी गप्पा मारल्या, नि मान खाली घालावी लागली नाही.