घाबरलेली लुसिना

१३ फेब्रुवारी
आज पुन्हा बसवलं मला! हातावर बाळ म्हणून गुंडाळलेली चादर, मान खाली. समोर नवरा, विबियस, नाण्याचा ठसा कोरतोय. सम्राटाला मुलगी झाली, म्हणून काशाच्या नव्या नाण्यावर मूल घेतलेली लुसिना, बाळंतपणाची देवी, हवीय. "घरातच आठवा महिना चालू आहे, दुसरीकडे कशाला बघू?" म्हणतो. चावट!

१६ फेब्रुवारी
छिन्नीची टिकटिक, पायांवर ऊन. डोळे मिटतात. चादर जड होते, कोमट होते. मी थोपटायला लागले. "हलू नकोस गं बाई!" विबियस ओरडला.

१७ फेब्रुवारी
स्वप्नात देवी माझ्याच खुर्चीत बसली होती. माझ्याकडे बघेना.

२१ फेब्रुवारी
पहिलं नाणं पाडलं. टाकसाळीचा मुकादम ओपिलियस दारातच ओरडला, "ही बायकांना सोडवणारी देवी? हिच्यासाठीच सुईण बोलवा! केवढी घाबरलीय! पुन्हा कोर."
"दोन पोरं गेलीत तिची," सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या. "हसेल कशी?"
विबियसनं नाणं उपडं घातलं. मला रडूच फुटलं. माझ्या भीतीनं देवीचा चेहरा बिघडला. ती रागावली तर? हे तिसरंही नेलं तर?

१ मार्च
लुसिनाचा सण. टेकडीवर तिच्या देवळात गेले — केस मोकळे, अंगावर एकही गाठ नाही. गाठ राहिली की बाळंतपण अडतं. धुरात सगळ्या बायका एकसारख्या दिसत होत्या, तरंगल्यासारख्या. फुलं वाहिली. म्हटलं, आई, माझ्यावरचा राग पोरावर काढू नकोस.

६ मार्च
दुसरा ठसा झाला, मला न बसवता. देवी आता शांत आहे. ओपिलियस खूश. मला मात्र ती कुणा परक्या घरची वाटते.

४ एप्रिल
मुलगी! केवढ्यानं रडली!
सुईणीनं जमिनीवर ठेवली. बापानं उचलली की ती घरची. विबियस नुसता उभा. उचलेना! नकोय की काय याला?
"उचल रे मेल्या!" सासूबाई.
तेव्हा त्याचा चेहरा दिसला. पहिल्या नाण्यावरच्या देवीसारखाच. ओठ पांढरे. "हीही गेली तर?" म्हणाला.
इतके दिवस समोर बसले त्याच्या, आणि दिसलं नाही मला. देवीच्या तोंडावर त्यानं स्वतःचीच भीती कोरली होती.
"मलाही भीती वाटते रे," मी म्हटलं. "उचल."