नारळ फोडणाऱ्या मुठी

ठाणे, ता. २ एप्रिल १९५७

ती. सौ. शेवंतीबायस राघोचा शि. सा. न. वि. वि.

तेरावं आटोपून तू डोंबिवलीला गेलीस, त्यानंतरचं कळवतो. पोलिसांनी काळुरामकाकाला सोडलं. बाबांच्या छातीवर मार उमटलेला नाही म्हणे. होळीपुढे पहिला नारळ कोणी फोडायचा, यावरून त्याने सख्ख्या भावावर मूठ उगारली आणि बाबा तोंडघशी निखाऱ्यांत पडले. मी ओढून काढलं तेव्हा त्यांची कातडी माझ्या हाताला आली. आणखी कसला मार हवा?

लोकांनी तिथेच काकाचा उजवा हात मोडला. हाड बाहेर आलं होतं. तरी तो एकच सांगतो, माझा हात लागायच्या आधीच माझा भाऊ दगडू पडला. म्हातारे माझ्या बोटांच्या सांध्यांवरच्या गाठी चाचपतात आणि म्हणतात, बापाची मूठ आहे, वापर.

जया म्हणते, नणंद गेल्यापासून टोमणे मारायला घरात कोणी नाही.

लोभ ठेव आणि मला अडवू नकोस.

तुझा राघो

डोंबिवली, ता. ९ एप्रिल १९५७

चि. राघोस शेवंतीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. जयासाठी टोमणे साठवून ठेवले आहेत, तिला सांग.

टाच दुखते म्हणून यांनी मला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. टाचेमागची गाठ तुला आठवत असेल. बायने अंडं लपवलंय म्हणून खिजवायचास. डॉक्टरांनी ती दाबली, रक्त तपासलं आणि विचारलं, घरात कोणी अचानक गेलं का? मी बाबांचं सांगितलं. आजोबा मिठागराच्या बांधावर उभ्या उभ्या गेले, तेही सांगितलं.

ते म्हणाले, रक्तात कोलेस्टेरॉल नावाचा मेणासारखा पदार्थ असतो. तो वाईट नाही. त्याच्यावाचून शरीर चालत नाही, यकृत स्वतःच तो बनवतं. पण काही घराण्यांत तो जन्मापासून फार असतो. मग बोटांवर, टाचेत गाठी येतात. हृदयाच्या रक्तवाहिन्याही आतून लिंपत जातात. पुढे एक संतापाचा झटका पुरतो.

राघो, होळीला मुठीने नारळ फोडून आपल्या पुरुषांच्या हातांना गाठी येतात, असं आपण समजत आलो. मी कधी नारळ फोडला? आणि टाचेने?

बाबांना काकाने मारलं नसावं. तुझ्या हातांत तेच आहे, काकाच्याही आहे. तूप, कलेजी, अंडी कमी कर. इथे ये, तुझं रक्त तपासून घेऊ. काकाच्या वाटेला जाऊ नकोस.

माझं एवढं ऐक, यातच तुझी माया समजेन.

शेवंती

ठाणे, ता. १४ एप्रिल १९५७

ती. सौ. बायस सा. न. वि. वि.

तुझ्या डॉक्टरांनी बाबांना पाहिलं नव्हतं. साठी उलटल्यावर मिठाची गोण एकट्याने पाठीवर घेणारा माणूस मेणाने मरतो? हे मी इथे बोललो तर लोक तोंडावर थुंकतील.

काल काकाच्या गोविंदाने आमच्या बैलाच्या मागच्या पायावर कोयता घातला. शीर तुटली. मी गोविंदाचे दोन दात पाडले. बैल रात्रभर ओरडला, पहाटे आम्हीच त्याला संपवला.

गावदेवीच्या जत्रेला काका येईल. मीही जाणार. कलेजी आजही खाल्ली.

रागावलीस तरी आपलं म्हण.

राघो

डोंबिवली, ता. १८ एप्रिल १९५७

चि. राघोस आशीर्वाद.

शनिवारी मी येते. तोवर काकासमोर उभा राहू नकोस. बाबा मला परत मिळणार नाहीत. तू तरी राहा.

शेवंती

कल्याण, ता. २१ एप्रिल १९५७

ती. सौ. बायस राघोचा सा. न. वि. वि.

काल तू घरी पोचलीस तेव्हा मी जत्रेत होतो. काका पालखीजवळ उभा होता, मोडका हात फळ्यांत बांधलेला. मी हाक मारली, तो वळला. मी मूठ उगारली. त्याच्या कपाळावर घाम फुटला, डावा हात छातीवर गेला आणि तो गुडघ्यांवर आला. माझी मूठ त्याच्या सदऱ्यालाही लागली नव्हती. पण ती वर होती आणि सगळ्यांनी पाहिली. त्यांनी माझ्यावर गुलाल टाकला. काका पालखीखाली मेला.

गोविंदाचा कोयता माझ्या खांद्यात बसला. जयाने मला इथे तिच्या माहेरी आणलं. गोविंदाला मी निरोप पाठवला, माझा हात लागलाच नाही. त्याने उलट निरोप धाडला, माझा बाप हेच सांगत होता, तू ऐकलंस का?

तो आज येणार. त्याच्या मुठीवरही गाठी आहेत, बाय. मी लहानपणी मोजायचो, कोणाच्या जास्त. तो धावत जिना चढेल, मला पाहून संतापेल. मी मूठ उगारली तर तो पडेल, आणि माझा हात लागलाच नाही हे तेव्हाही कोणी मानणार नाही.

म्हणून हे पत्र जया लिहिते आहे. माझे दोन्ही हात मी तिच्याकडून पाठीमागे बांधून घेतले आहेत.

डॉक्टरांचं त्याला तूच सांग. माया असू दे, गोविंदावरही.

राघो